नानाजींनी पाहिलेली काच

११ फेब्रुवारी १९८७, पोंभुर्णा

एकशे चौदा बोटं टोचली आज. एकशे चौदा! शेवटच्या माणसाने विचारलं, "बाई, तुमचं कोन टोचते मंग?" सगळी रांग हसली.

टोचणं सोपं आहे. फॉर्म भरणं कठीण. वासेकर सरांचा फॉर्म म्हणजे आधी स्वतःची जात, मग आईची, वडिलांची, मग चारही आजी-आजोबांची. एक जरी वेगळी निघाली की सर लाल पेन्सिलीने 'मिश्र' लिहितात आणि तो कागद दुसऱ्या फाइलीत जातो. मोजायचे फक्त उरलेले. कोणत्या समाजाच्या रक्तात काय आहे, कोण कोणाच्या जवळचं, कोण कुठून आलं — हे सगळं त्यातून कळणार म्हणे.

एका पन्नाशीच्या बाईला विचारलं, आजीची जात कोणती? "माही आजी त मीनं पाह्यलीच नाई. तूच जाऊन विचार तिले." मी लिहिलं — माहीत नाही. सर म्हणाले, असं चालत नाही सत्यशीला, गावात विचारायचं. गावाने तरी तिची आजी कुठे पाहिली!

१३ फेब्रुवारी

मोहाडबोडी. पन्नासेक घरं, एक बोडी म्हणजे लहानसं तळं, बोडीच्या पलीकडे गोंडांची वस्ती, टोला. धानाची कापणी होऊन गेलेली, बांधावर नुसते खुंट. नानाजी पाटलांच्या ओसरीवर टेबल मांडलं. नानाजी स्वतः पहिले आले बोट पुढे करून, म्हणजे गाव मागे येईल. त्यांचा फॉर्म भरून झाला, पण वय बघून सर म्हणाले साठीच्या वरचे नकोत, तर जरा हिरमुसले.

त्यांची नात शालू. सहा वर्षांची आहे, दिसते चारची. डोळे पिवळे, हाताची बोटं सुजलेली. आई सुगंधा — माझ्याहून लहानच असेल. "थंडी पडली का रडते जी. हाडं फुटून राह्यले म्हन्ते. वैदू झाले, देव झाले, इंजेक्शन झाले." सांगताना पोरीच्या पोटऱ्या चोळत होती. थांबलीच नाही.

शालूचा थेंब काचेवर घेतला, वर द्रावण (रोज ताजं करायचं, नाहीतर पेशी वाकून विळ्यासारख्या होत नाहीत), वर पातळ काच, कडेला व्हॅसलिन. अर्ध्या तासाने बघितलं. गोल पेशी शोधाव्या लागल्या. सगळीकडे विळेच विळे! सिकलसेल वर्षभर बघतेय, असं नव्हतं बघितलं.

सरांनी आधी फॉर्म पाहिला. "कुणबी. चारही आजी-आजोबा कुणबी. मग लेबल चुकलंय."

"सर, मी स्वतः टोचलंय तिला."

"गर्दीत होतं असं."

लेबल चुकलेलं नाही. रक्ताची बाटली नागपूरच्या प्रयोगशाळेत जाते आहे, तिथे कळेल.

१ मार्च

नागपूरचं काही नाही. उन्हं आत्तापासूनच तापलीत.

६ मार्च

आलं. शालू — एसएस. म्हणजे दोन्ही बाजूंनी. आईकडून एक, बापाकडून एक. एकच असला तर माणूस धडधाकट असतो, जन्मभर पत्ता लागत नाही. (माझ्यातही एक आहे. कामाला लागले त्या आठवड्यातच बघितलं.) दोन जुळले की शालूसारखं.

सरांनी पाठवलं सांगायला. लहानू जीप घेऊन बरोबर होता. ओसरीवर सुगंधा, सासू रुखमाबाई, नानाजी. डोमा, म्हणजे शालूचा बाप, शेतावर गेलेला. सुगंधाचं बोट टोचलं. तिच्यात आहे — एक. समजावून सांगितलं. पाणी भरपूर पाजा, थंडीत जपा, ताप आला तर थांबू नका, गोळ्या मी देते. सुगंधा प्रत्येक गोष्ट पुन्हा बोलून पाठ करत होती.

रुखमाबाई म्हणाल्या, "असा रोग आमच्या सात पिढ्यात नाई."

आणि मी — शहाणी! — म्हटलं, "मावशी, हा गोंडांमध्ये जास्त दिसतो. आमच्या बौद्धांतही दिसतो. तुमच्याकडे फार कमी."

खरंच बोलले. तक्त्यात तसंच आहे.  पण रुखमाबाईंनी सुनेकडे बघितलं, मग अंगणाकडे. अंगणात मुखरू बैलांना तणीस टाकत होता. मुखरू त्यांचा सालगडी, टोल्यातला, गोंड.

चहा आला. माझा वेगळ्या कपात. सवय आहे.

२१ मार्च

लहानूने आज सांगितलं. त्याची बहीण त्या बाजूला दिलेली आहे, तिच्याकडून कळलं त्याला. सुगंधाला माहेरी पाठवलं. पाठवलं कसलं, हाकललं! शालूलाही. रुखमाबाई गावभर म्हणून राहिल्या की बाईंनीच सांगितलं, रोग गोंडाचा आहे, दोघांकडून येते, एक हिच्याकडून न् एक त्या मुखरूकडून. मुखरूला डोमाने काठीने मारलं. तो बायकोला घेऊन पलीकडच्या जंगलात कुठे निघून गेला.

"बाईंनीच सांगितलं." म्हणजे मी.



२२ मार्च

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "आपण रक्त गोळा करतो. घरं जुळवायला आलो नाही. आणि तो नमुना तसाही मी बाद करणार होतो."

"सर, शालू बाद होणार का?"

"नमुना, सत्यशीला. मुलगी नाही."

सर दुष्ट नाहीत. मागच्या उन्हाळ्यात एका बाळंतिणीला स्वतःचं रक्त दिलं होतं त्यांनी. पण आज मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

२९ मार्च, माजरी

दोन दिवस घरी. बाबांना खाणीतून निवृत्त होऊन वर्ष झालं तरी भोंगा वाजला की उठून बसतात. मायच्या हातची ज्वारीची भाकर, भाजी. बरं वाटलं.

मायला सुगंधाचं सांगितलं. माय म्हणाली, "बाईवर नाव घेनं लय सोपं असते. नाव पुसाले कोनी येत नाई." मग एकदम, "तू जाशीन ना?"

बाबा फॉर्म बघत बसले होते. माझ्या पिशवीतून काढला. 'जात'च्या रकान्याखाली कंसात 'धर्मांतरापूर्वीची' असं छापलेलं आहे. बाबांनी बोट ठेवलं त्यावर. खाणीत तीस वर्षं, बोटाला नख उरलेलं नाही. म्हणाले, "छप्पन साली टाकून आलो हे. तू कागदावर परत घेऊन आली?"

"बाबा, रक्ताचं बघायला लागतं."

"रक्तात लिहून असते का?"

मी फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला. 

५ एप्रिल, चंद्रपूर

दिवसभर तक्ते. सर, मी आणि भिंतीवर चिकटवलेला मोठा कागद. गोंडांच्या दोन वस्त्या — मोहाडबोडीच्या टोल्यात शंभरात पाच जणांत सिकल, दुसऱ्या एका गावात तेवीस! दोघंही गोंड, दोघांचे चारही आजी-आजोबा गोंड. आणि मोहाडबोडीच्या टोल्याचे रक्तगट पाहिले तर ते बोडीच्या अलीकडच्या कुणब्यांशी जुळतात, त्या दुसऱ्या गोंड गावाशी नाही. पुन्हा मोजले. तेच.

मी म्हटलं, "सर, एकाच रकान्यात एवढं अंतर आहे, तर मग दोन रकान्यांत..."

"नमुने कमी आहेत अजून," सर म्हणाले. पण खुर्ची ओढून कागदासमोर बसले आणि बसूनच राहिले. नंतर म्हणाले, "मिश्रची फाइल आण."

आणली. दोन फायली निघाल्या. दोन्ही जाड.

१२ एप्रिल, चामोर्शी

गेले. सरांना न विचारता. एस. टी.ने, रजा टाकून.

सुगंधाचे वडील सोमाजी बाजाराच्या मागे राहतात. बाजाराचा दिवस होता, मोहाची फुलं विकायला आलेल्या बायांनी रस्ता भरलेला, सगळा वास मोहाचा. सोमाजींनी मला ओळखल्यावर दारातच उभं केलं. "तुमीच का त्या बाई?" मी म्हटलं, हो मीच. वाटलं हाकलतील. बाजूला सरकले.

शालू खाटेवर होती. गुडघा नारळाएवढा. सुगंधा ओला फडका गुंडाळत होती. मी सांगितलं, थंड नको, कोमट. तिने लगेच फडका बदलला. माझ्यावर राग असून लगेच बदलला.

मग म्हणाली, "बाई, मले एक सांगा. तुमच्या यंत्रात दिसते का, बाई कशी आहे ते?"

"नाही."

"मंग तुमी काऊन बोल्ल्या?"

 म्हटलं, चुकले. फार चुकले.

तिने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "मुखरूभाऊ माह्या लग्नाच्या आधीपासून त्या घरी होता. माह्याकडं मान वर करून बोल्ला नाई कधी. त्याची बायको माह्या बाळंतपणात होती, शालूची नाळ तिनं कापली." आणि एकदम, "तुमी तरी मानता का?"

म्हटलं, मानते.

परत येताना विचार करत होते. दोन पाहिजेत — एक तिच्यात सापडला. दुसरा डोमात असलाच पाहिजे. एक थेंब. एवढंच लागतं.

२६ एप्रिल

नानाजींना भेटले. तेंदूपत्त्याची तयारी चाललेली, ते फळीवर बसून दोर वळत होते. रुखमाबाई आतून बाहेर आल्या नाहीत.

सगळं सांगितलं, हळूहळू, दोरीच्या गाठी मारून दाखवून — ही एक आईची, ही एक बापाची. डोमाभाऊंचं रक्त तपासलं आणि निघालं तर सुनेवर शब्द राहत नाही.

नानाजी दोर वळतच राहिले. "आन् निंघालं त ते डोमात आलं कुठून?"

"तुमच्याकडून. नाहीतर रुखमाबाईंकडून."

"आन् आमच्यात कुठून?"

"मागून कुठून तरी. कधीतरी कोणीतरी कोणाशी लग्न केलेलं असतं, नानाजी. शंभर वर्षांपूर्वी, दोनशे."

दोर थांबला. "मंग आमी कोन?"

मला आमच्या बाबांचं बोट आठवलं फॉर्मवरचं. म्हटलं, "जे आहात तेच."

"इचार करून सांगतो," एवढंच म्हणाले. जीपपर्यंत आले नाहीत.

३ मे

काही निरोप नाही.

९ मे

निरोप आला! लहानूच्या बहिणीकडून. चौदा तारखेला या म्हणतात. सोमाजींनाही बोलावलं आहे, सुगंधालाही. पोलीस पाटील गुणवंतरावही बसणार. "चार माणसात होऊन जाऊ द्या."

चार माणसात! मला वाटलं होतं, गपचूप एक थेंब घेऊन येईन.

सरांना आज सांगून टाकलं. वाटलं नाही म्हणतील. ते उठले. मग स्वतःचा चांगला मायक्रोस्कोप काढून दिला. "हा ने. आणि काहीही दिसलं तरी तेच सांगायचं, जे दिसलं."

१४ मे

झालं.

सकाळी लवकर पोंभुर्ण्यात सगळी तयारी केली. मोहाडबोडीला पोहोचायला अकरा वाजले. जीपच्या पंख्याचा पट्टा तुटला वाटेत, दीड तास झाडाखाली. सामान गरम तव्यासारखं झालेलं.

ओसरी भरलेली. एका कडेला सोमाजी आणि सुगंधा, शालू मांडीवर. दुसऱ्या कडेला रुखमाबाई. मध्ये नानाजी, गुणवंतराव, आणखी सहा-सात जण. डोमा खांबाला टेकून उभा. बायकोकडे बघत नव्हता. उंच, हाडकुळा माणूस. टोचलं तेव्हा डोळे मिटले. ज्याने मुखरूला काठीने मारलं तो!

काच तयार केली. नागपूरची बाटलीही भरून घेतली, नियमाप्रमाणे. मग अर्धा तास थांबायचं.

अर्धा तास!  शालू मधेच म्हणाली, "आबा, पानी." नानाजी उठले, स्वतः आणून पाजलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा नातीला हात लावला असावा. सोमाजी तोंड फिरवून बसले.

मायक्रोस्कोपच्या आरशात ऊन घेतलं, काच लावली, बघितलं. मान वर केली.

म्हटलं, "आहे."

"काय आहे?" गुणवंतराव.

"तेच, जे शालूत आहे. डोमाभाऊंच्या रक्तात आहे. एक त्यांचा, एक सुगंधाबाईंचा. मुलीत दोन झाले. तिसऱ्या माणसाचा संबंध नाही."

डोमा खाली बसला.  रुखमाबाई ओरडल्या, "खोटी हाय हे! हेही त्यायलेच मिळून हाय!"

नानाजींनी हात वर केला. मला म्हणाले, "दाखवा मले."

टेबलाशी गेले. मी काच नीट लावून दिली, कुठे डोळा लावायचा ते दाखवलं. त्यांनी एक डोळा हाताने झाकून धरला, लहान मुलासारखा. फार वेळ बघत राहिले. सगळी ओसरी त्यांच्या पाठीकडे बघत होती.

"इळ्यावानी हायेत," म्हणाले. "काही गोल, काही इळ्यावानी. हायेत."

मग सरळ उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, "आता पुरे."

सुगंधा रडली नाही.  शालूला उचललं आणि वडिलांना म्हणाली, "चला." नानाजी म्हणाले, "पोरी, घर तुहं हाय." ती थांबली. म्हणाली, "मामाजी, मी तोंडानं सांगत होती तवा कोनी आयकलं नाई. आता रक्त बोल्लं म्हनून घर माहं झालं?"

आणि गेली! सोमाजींच्या मागे, उन्हात, पोरीच्या डोक्यावर पदर धरून.

१५ मे

झोपून उठले. कालचं सगळं लिहिलं असं वाटतं.

१८ मे

चौदा तारखेला निघताना नानाजी जीपपर्यंत आले होते ते राहून गेलं लिहायचं. लहानू पाणी घालत होता इंजिनात. नानाजी माझ्याकडे न बघता म्हणाले —

"माह्या बापाची माय. जंगलातली होती. गोंडाची. आज्यानं आनली होती, भांडून. हातावर, कपाळावर गोंदन होतं तिच्या. मले मांडीवर घेऊन काहीतरी गायची तिच्या बोलीत, मले एक शब्द आता याद नाई. मेल्यावर तिचं नाव घेनं बंद केलं घरात. पितराले सगळ्यायचं पान वाढतो, तिचं नाई. मी पाटलाचा पोरगा, मीही नाई घेतलं." मग, "त्या काचात दिसली मले ते."

मी जीपमध्ये चढले. बोलायला हवं होतं.

फॉर्मवर त्यांनी स्वतः चारही आजी-आजोबा सांगितले होते, फेब्रुवारीत. चारही कुणबी. मीच लिहिले होते.

२५ मे

सरांना नानाजींच्या आजीचं सांगितलं. हात सवयीने लाल पेन्सिलीकडे गेला त्यांचा.

मी म्हटलं, "सर, साऱ्यांनी एवढं खरं सांगितलं तर किती उरतील पहिल्या फाइलीत?"

पेन्सिल तशीच धरून बसले. मग म्हणाले, "माझी आजी कुठली हे मलाही कधी कोणी सांगितलं नाही."   जाताना म्हणाले, अहवालातून 'शुद्ध' हा शब्द काढायचा. तक्ते पुन्हा करायचे — जातीने नाही, गावागावाने. सहा महिन्यांचं काम वाढलं! बरं वाटलं मला. वाटायला हवं तेवढं नाही.

डोमाची नोंद रजिस्टरमध्ये केली. रजिस्टर लगेच मिटलं.

३१ मे

नागपूरची मशीन बंद आहे. सुट्ट्याही आहेत. मे महिन्याच्या बाटल्या तशाच पडून.

असू दे. घाई नाही.

७ जून

लहानू सांगत होता, नानाजी स्वतः बैलबंडी घेऊन गेले जंगलात, मुखरूला शोधत. दोन दिवस राहिले तिकडे. मुखरू यायला तयार नव्हता. त्याची बायको म्हणाली म्हणे, "मार खाल्ला यानं, अन् बदनाम झाली मी बी." नानाजी तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. शेवटी आले दोघं, पण सालगडी म्हणून नाही. बोडीकाठचा तुकडा त्याला बटाईने दिला, चार माणसांसमोर बोलून.

सुगंधाची अटच ती होती. आधी मुखरूभाऊ येईल, मग मी.

१९ जून, मोहाडबोडी

सुगंधा आली परत. शालूच्या गोळ्या द्यायला गेले होते. पोरगी बरी आहे — गुडघा उतरला, अंगणात बसून चिंचोके खेळत होती. डोमा तिच्यासाठी पाण्याचं मडकं सावलीत टांगत होता. बायकोशी बोलतो का ते कळलं नाही. रुखमाबाई चुलीपाशी, पाठ करून. घर म्हणायचं का याला? सध्या तरी एका छपराखाली आहेत.

नानाजींनी ओसरीच्या पायरीवर मुखरूच्या म्हाताऱ्या बापाला, पोचूला, बसवून घेतलं होतं. दोघं तंबाखू मळत होते. पोचू नानाजींच्या आजीच्या गावाचं नाव सांगत होता आणि नानाजी ते पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते.

निघताना सुगंधाने माझे दोन्ही हात धरले. "बाई, तुमी नसत्या त..." मी हात सोडवून घेतले. जीपला उशीर होतो म्हटलं. जीपला काही उशीर होत नव्हता.

२४ जून

मायचं पत्र. "ज्या बाईचं सांगितलं होतं तिचं काय झालं?" लिहायला बसले, दोन ओळींवर फाडलं.

९ जुलै, चंद्रपूर

नागपूरचे कागद आले. सरांच्या आधी मी उघडले. डोमा नानाजी — एएस. एक आहे त्याच्यात. बापच आहे तो शालूचा.

चौदा मेचं पान मी पूर्ण लिहिलं नव्हतं. डोमाच्या काचेवर एकही पेशी वाकलेली नव्हती. सगळ्या गोल. सकाळचं द्रावण उन्हात खराब झालं असणार. ताजं करून परत बघता आलं असतं. नाही केलं — दुसऱ्यांदाही गोलच दिसल्या असत्या तर? म्हटलं, आहे. नानाजी उठले तेव्हा, सकाळी द्रावण तपासायला स्वतःच्या बोटाची करून ठेवलेली काच सरकवली. त्यांना त्यांची आजी दिसली ती माझ्या रक्तात.

खोटं बोलल्याचं मला एवढं वाटत नाही. पण छप्पन दिवस मी सुगंधावर संशय घेत राहिले, रुखमाबाईंसारखाच. त्यांनी निदान तोंडावर घेतला होता.